नव्या हळदीआधीचा घोट

सांगलीच्या बाईने हळद बघायला गडचिरोलीला जावं, हे ऐकून आमच्या घरात सगळे हसले. सासरचं अडतीचं दुकान आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून माझ्या पदराला, उशीला आणि पावसाळ्यात भिंतींनासुद्धा हळदीचा वास येतो. पण माझा धाकटा भाऊ बँकेच्या नोकरीत काही वर्षं अहेरीला होता आणि तिथून दर उन्हाळ्यात एक पुडी पाठवायचा. बोटाएवढी बारीक हळकुंडं, आतून जवळजवळ तांबडी. चिमूटभर टाकली की आमटीचा रंग बदलायचा. दुकानातले जुने हमाल ती नाकाला लावून बघत आणि काही न बोलता परत देत. आमच्याकडे याहून मोठी दाद नसते.

भाऊ आता चंद्रपूरला आहे. गेल्या फेब्रुवारीत त्याच्याकडे गेले, तर तो म्हणाला, "अक्का, इथवर आलीयस तर पुंगारगट्ट्याला जाऊन ये. हळद शिजवायचे दिवस आहेत." त्याने कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून अहेरीला फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी मला गाडीत बसवून दिलं.

अहेरी

गोंडपिपरी मागे पडल्यावर शेतं विरळ होत गेली आणि आलापल्लीच्या अलीकडे सागाने रस्ता दोन्ही बाजूंनी धरला. पानं गळून गेलेला साग मी पहिल्यांदाच बघितला. नुसते सरळ खांब, आणि मध्येच एखादा पळस पेटल्यासारखा. एवढं जंगल सलग बघायची डोळ्यांना सवय नसते. तासाभराने मी सरळ झोपले.

अहेरीला शमीमबाई न्यायला आल्या होत्या. भाऊ त्यांच्याच घरात भाड्याने राहायचा. त्यांच्या नवऱ्याचा धंदा चारोळी, डिंक आणि डोंगरातल्या हळदीचा. सासऱ्यांपासून चालत आलेला. शमीमबाई माझ्याच वयाच्या, अंगाने भरलेल्या, बोलायला मोकळ्या. माझी बॅग उचलत म्हणाल्या, "ताई, दगडं भरून आनले काय सांगलीहून?"

बॅगेत स्टोव्ह होता, भांडी होती, औषधांचा डबा होता. मी कुणावर ओझं होऊन राहत नाही. त्यांना हे सांगितलं, तर त्या हसून म्हणाल्या, "भाऊ सांगेच, माही अक्का म्हंजे मिल्ट्री हाये."

त्यांच्याकडे जेवायला भात, लाखोळीची डाळ आणि सुकट घातलेली वांगी होती. जेवताना त्यांनी मला डोंगरातल्या एका रिवाजाची कल्पना दिली. पुंगारगट्ट्याला हळद खणून काढतात, अंगणात सागाच्या पानांखाली झाकून ठेवतात, आणि गावाचा पंडुम, म्हणजे नव्या पिकाचा सण, होईपर्यंत तिला हात लावत नाहीत. शिजवत नाहीत, विकत नाहीत, तोंडात घालत नाहीत.

"आमचे मानसंबी तोवर काटा वरती नेत नाई," शमीमबाई म्हणाल्या. "माह्या सासऱ्याच्या वक्तापासून. तुमाले शिजवनं पाहाचं असन तर दोन दिवस थांबा लागन."

"ओली हळद नुसती पडू द्यायची?" मी म्हणाले. "कोंब फुटतील."

"फुटू देत. पन ताई, तिथी काही करासारखं वाटलं ना, तर आधी मले विचारजा."

मी बरं म्हणाले. आमच्याकडेही नवं धान्य देवाला दाखवल्याशिवाय खात नाहीत, त्यात मला नवीन काही वाटलं नाही.

डोंगर

पायथ्यापर्यंत जीप मिळाली. पुढचा रस्ता पावसाळ्यात वाहून गेलेला होता, तो दुरुस्त व्हायचा होता असं जीपवाला म्हणाला. कधीपासून, ते त्यालाही आठवेना. चढताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. शमीमबाईंनी पळसाची साल सोलून तो बांधून दिला आणि वर पोचेपर्यंत, "सांगलीची चप्पल बसली, आमच्या पयसानं उठवली," असं तीनदा ऐकवलं.

पुंगारगट्टा सपाट डोंगरमाथ्यावर आहे. एक आश्रमशाळा, वनखात्याचा नाका, आठवडी बाजाराचं मोकळं मैदान आणि बांबूच्या कुंपणांत लांब लांब बसलेली घरं. आमच्याकडे घरं एकमेकांच्या भिंतीला टेकतात, इथे दोन घरांमध्ये हाक पोचेल एवढं अंतर. आवाज असा नाहीच. कोंबडा आरवला तर सगळे तिकडे बघतील असं वाटावं. प्रत्येक अंगणात सागाच्या पानांनी झाकलेला ढीग होता आणि सगळ्या गावाला ओल्या हळदीचा वास होता. तो वास मला ओळखीचा. परक्या गावात तो आला की माणसाला उगीच अधिकार वाटायला लागतो.

आम्ही उतरलो ते जैनीबाईंच्या घरी. जैनीबाई माडिया, म्हाताऱ्या, काटक, गोंदलेल्या कपाळाच्या. मराठी त्यांना जवळजवळ येत नव्हती. त्यांची सून सुनीता आश्रमशाळेत शिकलेली, ती दोन्ही बाजूंनी बोलायची. मुलगा बांबूच्या कामावर बाहेरगावी होता. शमीमबाईंचं आणि या घराचं सासऱ्यांपासूनचं येणंजाणं, त्यामुळे मला पाहुणी म्हणून लगेच जागा मिळाली. चहा आला, कोरा. इथे गाईचं दूध काढत नाहीत, ते वासराचं. मी चहात दूध नाही म्हणून तोंड केलं असावं, कारण सुनीताने गुळाचा आणखी एक खडा टाकला.

त्या संध्याकाळी कोसरीची, म्हणजे तिथल्या बारीक भरड धान्याची, पेज पिताना सुनीताने सांगितलं, की या वर्षी पंडुमाची पाळी त्यांच्या घराची आहे. गावातल्या सगळ्या घरांमधून पाळी फिरते. ज्या घराची पाळी, त्या घरातली वडीलधारी बाई नवी हळद टोपलीत घालून गावदेवाच्या झाडापाशी नेते, आणि तिच्या मागे सगळं गाव चालतं. जैनीबाईंची पाळी मागे एकदा आली होती, पण त्याच आठवड्यात त्यांचा नवरा गेला आणि घराला सुतक लागलं. पाळी पुढच्या घरी गेली. तेव्हापासून आता.

"सासूबाईनं टोपली सवताच विनली," सुनीता म्हणाली. "कोनाले हात लावू देत नाई."

टोपली छपराच्या वाशाला टांगलेली होती. जैनीबाईंनी मी बघतेय हे बघितलं आणि मान जराशी वर केली. तरुण मुलगी नव्या लुगड्यात करते तशी.

पंडुमाच्या आदल्या दिवशी

जैनीबाईंना खोकला होता. आम्ही आलो तेव्हापासून होता, त्या सकाळी फारच वाढला. उन्हात खाटेवर बसून त्या पोटाला हात धरून खोकत होत्या. शमीमबाई कुणाच्या तरी बाळंतिणीला बघायला गावाच्या दुसऱ्या टोकाला गेल्या होत्या, सुनीता पाण्याला. मला रिकामं बसता येत नाही. उद्या या बाईला टोपली घेऊन गावापुढे चालायचंय आणि हिला धड श्वास घेता येत नाही, हे मला दिसत होतं. म्हणून मी स्टोव्ह पेटवला.

सुंठ माझ्याकडे होती, गूळ घरात होता. घरात वापरायची हळद बांबूच्या नळक्यात होती, गेल्या वर्षीची. मी ती हातावर घेतली. किडलेली, वास उडालेला. सांगलीत अशी हळद मी गोठ्यात शिंपडायलाही दिली नसती.

अंगणात तीन हातांवर ढीग होता.

मी विसरले होते असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. विसरले नव्हते. सागाची पानं बाजूला करताना मी स्वतःशी नीट विचार केला. आमच्या सासूबाई संकष्टीला पाण्याशिवाय काही घ्यायच्या नाहीत, पण काढा घ्यायच्या. औषधाने उपास मोडत नाही. औषध म्हणजे खाणं नव्हे. मग इथे तरी काय वेगळं असणार? मी हळदीचं एक बोट तोडलं, ठेचलं, उकळलं, गाळलं आणि वाटी जैनीबाईंच्या पुढे धरली.

त्यांनी माझ्याकडे बघून हसून वाटी घेतली. एक घोट तोंडात घेतला आणि थांबल्या. गाल भरलेले, डोळे वाटीत. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी समोरच उभी होते, कमरेवर हात ठेवून. आमच्या नातवंडांना औषध पाजताना उभी राहते तशी. "प्या," मी म्हणाले. "गिळून टाका. छातीला बरं वाटेल."

त्यांनी गिळलं. वाटी खाली ठेवली आणि परत उचलली नाही.

सुनीता हंडा घेऊन आली. तिने वाटी बघितली, मग माझी बोटं बघितली. ओल्या हळदीचा डाग तासाभरात जात नाही.

"बाई, कोनची हळद टाकली?"

"घरातली," मी म्हणाले.

तिने नळक्याकडे बघितलं, ढिगाकडे बघितलं. एक पान उलटं पडलं होतं. सुनीताच्या हातातला हंडा कलंडला आणि पाणी तिच्या पायांवर सांडत राहिलं.

"औषधाला काय होतंय," मी म्हणाले. "खाल्ली थोडीच आहे?"

सुनीताने हंडा खाली ठेवला. जैनीबाई तिच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलल्या. मग मी ते वाक्य बोलले, जे मला आता कधीही, भाजी चिरताना, दुकानात वजन करताना, मध्येच आठवतं आणि हातातलं काम थांबतं. मी म्हणाले, "कोणाला कळणार आहे? आपण तिघीच तर आहोत."

जैनीबाईंनी सुनीताला विचारलं, मी काय म्हणाले. सुनीताने सांगितलं नाही. त्यांनी परत विचारलं. तिने सांगितलं. म्हातारीने माझ्याकडे बघितलं ते रागाने नाही. परक्या गावातून आलेलं लेकरू चुलीत हात घालायला जातं तेव्हा बघतात, तसं. मग काठी घेऊन त्या उठल्या आणि कुंपणाबाहेर पडल्या.

"कुठं चालल्या?"

"गायत्याकडं," सुनीता म्हणाली. गावाची पूजा करणारा तो गायता. "सांगाले."

मी मागून गेले. चपलेला बांधलेली पळसाची साल वाटेत सुटली, तशीच अनवाणी गेले.

गायता अंगणात बांबू फोडत होता, शेजारी रेडिओ लावलेला. जैनीबाईंना बघून त्याने आधी रेडिओ बंद केला. त्या उभ्यानेच बोलल्या, थोडंसंच. त्याने कोयता खाली ठेवला आणि एक प्रश्न विचारला. जैनीबाईंनी उत्तर दिलं. त्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी सावकाश, जणू दुसरं उत्तर द्यायला जागा करून देत होता. त्यांनी तेच उत्तर दिलं.

एव्हाना सुनीता पोचली होती. मी तिला विचारलं, काय चाललंय.

"गायता पुसते, थुकली का गियली. थुकली असन तं काई नाई, पाळी राह्यते. दोनदा पुसलं त्यानं." सुनीता माझ्याकडे न बघता बोलत होती. "सासू म्हनते, गियली."

"पण त्यांना चव कळली होती ना? मी बघितलं, त्या थांबल्या होत्या. थुंकून का नाही टाकलं?"

सुनीताने विचारलं. जैनीबाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे वळून उत्तर दिलं, आणि सुनीता ते मराठीत आणायला नको म्हणत होती, तर त्यांनी काठीने तिच्या पायाला हळूच टोचलं.

"म्हनते, पाहुनी पुढं उभी होती. तिनं हातानं देल्लं. तिच्या तोंडापुढं थुकाचं कसं?"

मी गायत्याला म्हणाले, चूक माझी आहे, दंड काय असेल तो मला लावा, कोंबडी म्हणा, बकरं म्हणा. सुनीताने सांगितलं. तिथे जमलेले दोघे-तिघे म्हातारे हसले, पण वाईट नाही. एकाने मोडक्या मराठीत समजावलं, "पाहुनीले दंड नसते, बाई. पाहुनीची चूक, घराची चूक."

पाळी शेजारच्या घरी गेली.

शमीमबाईंना वाटेतच कळलं. त्या आल्या आणि माझ्या शेजारी खाटेवर बसल्या. मी म्हणाले, बोला काय बोलायचं ते.

"काय बोलू?" त्या म्हणाल्या. "तुमाले म्या सांगतलं नव्हतं काय? आमाले या डोंगरावर पानी भेटते, जेवन भेटते, रातीले झोपाले जागा भेटते, ते काऊन? सासऱ्यापासून कोनी पानाखाली हात घातला नाई म्हनून." मग जरा आवाज उतरवून म्हणाल्या, "तुमची नियत खराब नव्हती, मले मालूम हाये. पन ताई, तुमाले सारंच येते, हे लय कठीन काम हाये."

मी म्हणाले, उद्या सकाळी मी खाली निघून जाते.

"नाई. आता जासान तर पाहुनी घरातून रुसून गेली म्हनतीन. थे अजून एक व्हईन. बसा आता इथीच."

संध्याकाळी जैनीबाईंनी वाशावरची टोपली काढली. मला वाटलं, ठेवून देतील. त्यांनी ती ओल्या फडक्याने पुसली, सुनीताला आणि मला बरोबर घेतलं आणि शेजारच्या घरी गेल्या. घरातल्या सगळ्यांनी जायचं असतं, आणि पाहुणी घरातलीच. शेजारीण जैनीबाईंपेक्षा पुष्कळ तरुण होती. तिच्याकडे टोपली तयार नव्हती, तिची पाळी पुढच्या वर्षी होती. जैनीबाईंनी टोपली पुढे केली तेव्हा ती मागे सरली. मग जैनीबाई काहीतरी बोलल्या, त्यावर सगळे हसले आणि तिने टोपली घेतली.

"काय म्हणाल्या?" मी सुनीताला विचारलं.

"म्हनल्या, घे, नाई तं माही पाहुनी इच्यात बी काई शिजवन."

मीही हसले. काय करणार?

परतताना मी सुनीताला विचारलं, पाळी पुन्हा कधी येणार. ती म्हणाली, सारं गाव फिरून. "तवा टोपली मलेच न्या लागन," असं म्हणाली आणि पुढे झपाझप चालायला लागली. तिला सासूसमोर डोळे पुसायचे नव्हते.

पंडुम

दुसऱ्या दिवशी सकाळी ढोल वाजला. शेजारीण टोपली डोक्यावर घेऊन निघाली, मागून बायका, मग पुरुष, मग पोरं. जैनीबाई सर्वांत मागे. धुवट लुगडं, केसांत पळसाचं फूल. मी त्यांच्या बाजूने चालत होते. टोपली पुढे हलताना दिसायची, वळणावर नाहीशी व्हायची. वळण आलं की जैनीबाई मान उंच करायच्या.

झाडापाशी काय झालं ते मी लिहीत नाही. मला अर्धं समजलं नाही, आणि जे समजलं त्यात बोलण्याचा मला हक्क नाही. शेवटी नवी हळद ठेचून भातात घातली आणि मोठ्या हंड्यात तो भात शिजला. पिवळाधमक, वरून चिंचेचं पाणी आणि भाजलेल्या मिरच्या. पळसाच्या पानांवर गाव जेवायला बसलं.

आमचं घर बसलं नाही. ज्या घरात आधी चव घेतली गेली, ते घर सर्वांच्या शेवटी खातं. जैनीबाई आणि सुनीता बाजूला एका खडकावर बसल्या. मीही जाऊन बसले. शमीमबाई पंगतीत होत्या, त्यांच्यावर काही दोष नव्हता. मला मनातून जरा बरं वाटत होतं, खरं सांगायचं तर. निदान उपाशी बसण्यात तरी मी त्यांच्या बाजूची होते.

पंगत अर्धी झाली तेव्हा कालचा तो म्हातारा पान घेऊन आमच्याकडे आला. भाताचा ढीग, वर मिरची. त्याने ते माझ्यापुढे ठेवलं.

"मी नंतर," मी म्हणाले. "मी यांच्या घरातली आहे."

"पाहुनी आधी खाते," तो म्हणाला.

"काल तुम्हीच म्हणालात, पाहुणीची चूक ती घराची चूक."

"चूक घराची," तो म्हणाला. "भूक पाहुनीची." आणि निघून गेला.

मी पान सुनीतापुढे सरकवलं. तिने झटकन हात मागे घेतला. तिला हात लावता येत नव्हता, तोंडात घालणं तर लांबच. मी पान खाली ठेवलं आणि पदराने झाकलं. म्हटलं, थांबते, या दोघींबरोबर खाईन. पंगतीतल्या माना एकेक करून आमच्याकडे वळल्या. शमीमबाई लांबून मला डोळ्यांनी खुणावत होत्या, खा, खा.

जैनीबाईंनी माझा पदर बाजूला केला. पानाकडे बोट दाखवलं, मग माझ्या तोंडाकडे.

मी खाल्लं. त्या खडकावर, दोन उपाशी बायकांच्या मध्ये बसून, आधी एक घास, मग दुसरा. टाकता येत नव्हतं आणि मध्ये थांबताही येत नव्हतं. भात गरम होता, हळदीची ओली, तिखट चव नाकात चढत होती आणि मला सपाटून भूक लागलेली होती. काल सकाळपासून माझ्याही पोटात काही नव्हतं, ते मला तिथे कळलं. मी सगळं खाल्लं. चांगलं होतं. तेही मला लपवता आलं नाही, कारण जैनीबाई माझ्या चेहऱ्याकडेच बघत होत्या, सुगरण बघते तशा.

पान रिकामं झालं. मी वर बघितलं नाही. तेवढ्यात शेजारून त्यांनी पंगतीकडे हात हलवून वाढणाऱ्याला हाक मारली आणि माझ्या पानावर बोट ठेवलं. मराठीतला तेवढा एक शब्द त्यांना येत होता.

"आनखी," त्या म्हणाल्या.